डाग जपणारा कायदा हवा

2 ऑगस्ट 2025. बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने हासनचा माजी खासदार प्रज्वल रेवण्णा याला जन्मठेप सुनावली. आदल्याच दिवशी बलात्काराच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला होता. आजोबा देशाचे माजी पंतप्रधान, काका केंद्रात मंत्री, वडील आमदार. समोर उभी होती त्याच कुटुंबाच्या घरी राबणारी एक बाई. निकालाविरुद्ध त्याने उच्च न्यायालयात अपील केलं आहे, त्यामुळे शेवटचा शब्द अजून बाकी आहे. पण खालच्या कोर्टात ज्या पुराव्यांनी पारडं फिरवलं, त्यांत एक साडी होती. अत्याचारानंतर काही वर्षांनी, फिर्याद झाल्यावर ती तपास पथकाच्या हाती लागली. तिच्यावर वाळलेल्या डागांतून डीएनए निघाला आणि तो आरोपीशी जुळला.

आपल्या घरात साडीवर डाग पडला तर पहिला हात साबणाकडे जातो. ही साडी धुतली गेली असती तर काय उरलं असतं? बाईचा शब्द उरला असता, आणि आपल्याकडे मोलकरणीच्या शब्दाला किती वजन असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता याच राज्यातली दुसरी गोष्ट. ऑक्टोबर 2012 मध्ये धर्मस्थळाजवळ सतरा वर्षांची एक विद्यार्थिनी कॉलेजमधून घरी परतताना नाहीशी झाली आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेह सापडला. अत्याचार करून तिचा खून झाला होता. लोकांनी पकडून दिलेला एक माणूस आरोपी झाला. तपास स्थानिक पोलिसांकडून सीआयडीकडे आणि तिथून सीबीआयकडे गेला. जवळपास अकरा वर्षांनी, 16 जून 2023 रोजी, बेंगळुरूच्या सीबीआय न्यायालयाने त्या माणसाची निर्दोष मुक्तता केली. सुरुवातीच्या मोलाच्या तासांत तपास कसा हातचा निसटला, यावर कोर्टाने बोट ठेवलं. म्हणजे एका माणसाच्या माथी जवळपास अकरा वर्षं तो कलंक राहिला आणि त्या मुलीचा मारेकरी आजही कागदावर अज्ञात आहे.

एका प्रकरणात डाग जपला गेला, दुसऱ्यात सुरुवातीचे तास हातचे गेले. न उलगडलेल्या गुन्ह्यांसाठी डीएनएचा कायदा करायचा म्हणतात, त्याचा सगळा प्रश्न मला या दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत दिसतो.

होसूर रस्त्यावरच्या मडिवाळा भागात कर्नाटकाची राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. कन्नडमध्ये मडिवाळ म्हणजे परीट. त्या नावाच्या वस्तीत आज सरकार डाग न धुता तपासण्याचं काम करतं. इथवर पोचणारं प्रत्येक खाकी पाकीट एका साखळीतून येतं. डॉक्टर नमुना घेतात, पंचांसमोर तो सील होतो, हवालदार तो ठाण्यात नेतो, मुद्देमाल कारकून रजिस्टरला नोंद करतो आणि पुढे कधीतरी दुसरा हवालदार तो घेऊन मडिवाळ्याला येतो. या सगळ्यात सर्वांत नाजूक गोष्ट कोणती? ओल. कापूस लावलेल्या काडीवर घेतलेला नमुना आधी सावलीत वाळवावा लागतो आणि मग कागदी पाकिटात ठेवावा लागतो. तो ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, की लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेल्यावर जे होतं तेच होतं. बुरशी धरते, जीवाणू वाढतात, डीएनएचे तुकडे तुकडे होतात. मग प्रयोगशाळेत कितीही महागडं यंत्र असो, त्याच्या पुढ्यात काही उरलेलंच नसतं. कोकणातल्या किंवा दक्षिण कन्नडमधल्या पावसाळ्यात ही नासाडी व्हायला फार दिवस लागत नाहीत.

पोलिसी भाषेत न उलगडलेल्या गुन्ह्याला स्वतःचं नाव आहे. महाराष्ट्रात त्याला 'अ समरी' म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. कर्नाटकात त्याच अर्थाने 'सी रिपोर्ट' जातो. मॅजिस्ट्रेटने तो स्वीकारला की फाईल बंद होते. घरच्यांसाठी काहीच बंद होत नसतं. पण त्या दिवसापासून मुद्देमालाच्या खोलीतल्या पाकिटाला कुणी वाली राहत नाही.

इथे एक नवी काळजी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 497 व्या कलमाने कोर्टापुढे आलेल्या मुद्देमालाची यादी चौदा दिवसांत करायला, त्याचे फोटो काढायला आणि पुढच्या तीस दिवसांत त्याची विल्हेवाट लावण्याचा हुकूम द्यायला सांगितलं आहे. ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही तरतूद आहे, आणि गाड्यांसाठी ती योग्यच आहे. गाडीचा फोटो पुराव्याला पुरतो. रक्ताच्या डागाच्या फोटोतून डीएनए काढता येत नाही. जैविक नमुन्यांना त्यातून स्पष्ट शब्दांत वगळायला हवं होतं, आणि ते राज्यांनी अजूनही करायला हवं.

कर्नाटकाने या विषयात एकदा केंद्राच्याही आधी पाऊल टाकलं होतं. सप्टेंबर 2021 मध्ये गृहमंत्री अरग ज्ञानेंद्र यांनी विधानसौधात कैद्यांच्या ओळखीच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर करून घेतलं. मूळ कायदा 1920 चा, इंग्रजांचा. त्यात फोटो आणि हातापायांचे ठसे घेण्याची मुभा होती. कर्नाटकाने त्यात रक्त, डीएनए, आवाज आणि डोळ्यांच्या बुबुळांचे नमुने घातले. पण वर्षभराच्या आत केंद्राने तो जुना कायदाच रद्द केला. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा एप्रिल 2022 मध्ये संसदेत मंजूर झाला आणि त्याच वर्षी 4 ऑगस्टला लागू झाला. आता जैविक नमुने आणि त्यांचं विश्लेषण हे सगळंच 'मोजमाप' या एका शब्दात बसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ही माहिती 75 वर्षं जपायची आहे. आपल्या देशात माणसाचं सरासरी आयुष्यही तेवढं नाही.

केवळ डीएनएसाठी स्वतंत्र कायदा करण्याचे प्रयत्न मात्र वीस वर्षं चालले आणि विरून गेले. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 271 व्या अहवालात मसुदा दिला. जानेवारी 2019 मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, पण ते राज्यसभेत मंजूर होण्याआधीच लोकसभेची मुदत संपली. जुलै 2019 मध्ये ते पुन्हा मांडलं, जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीकडे गेलं, फेब्रुवारी 2021 मध्ये समितीचा अहवाल आला आणि जुलै 2023 मध्ये सरकारने विधेयक मागे घेतलं. त्या विधेयकात प्रयोगशाळांचा दर्जा राखणारं मंडळ होतं, नमुने कधी पुसायचे याचे नियम होते, बेपत्ता माणसं आणि बेवारस मृतदेह यांच्यासाठी वेगळी सूची होती. ते सगळं गेलं. नमुना घेण्याचा अधिकार तेवढा 2022 च्या कायद्याने उरला. हा सौदा मला मुळीच मान्य नाही. घेण्याचा हक्क सरकारकडे राहिला आणि सांभाळण्याची जबाबदारी कुणाकडेच राहिली नाही.

स्थायी समितीच्या अहवालाला असदुद्दीन ओवैसी आणि बिनॉय विश्वम यांनी असहमतीच्या टिपा जोडल्या होत्या. डीएनएची ही सूची शेवटी कुणाच्या नमुन्यांनी भरेल, हा त्यांचा सवाल होता, आणि मराठी वाचकाने तरी तो झटकून टाकू नये. 1871 मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, भामटा, कैकाडी यांच्यासारख्या जमातींना जन्मतः चोर ठरवलं. सोलापूरच्या आणि हुबळीच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं हजेरी देत जगली. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की पारध्याच्या पालावर आजही पहिली गाडी जाते. ज्यांना वारंवार उचललं जातं त्यांचेच नमुने सूचीत साठत जाणार. पुढे एखाद्या जागी नुसता स्पर्शातून उरलेला सूक्ष्म अंश मिळाला, तरी सूची त्यांच्याच कुणाकडे तरी बोट दाखवणार. कुंपण तारेचं होतं तेव्हा ते निदान डोळ्यांना दिसत तरी होतं.

या भीतीला कायद्याच्या भाषेत उत्तर मिळालं ते बेंगळुरूच्याच एका रहिवाशामुळे. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायाधीश. 2012 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या याचिकेतूनच 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यामागे कायदा हवा, रास्त कारण हवं आणि तो हात गरजेपुरताच जायला हवा. ऑक्टोबर 2024 मध्ये ते 98 व्या वर्षी बेंगळुरूत वारले. डीएनएच्या प्रत्येक कायद्याला त्यांच्या नावाच्या या कसोटीतून जावं लागणार आहे.

मडिवाळ्याच्या या प्रयोगशाळेने एक धडा आधीच शिकवलेला आहे. 2000 नंतरच्या दशकात बेंगळुरू हे नार्को चाचणीचं माहेरघर झालं होतं. आपल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी, मुद्रांक घोटाळ्यातला, त्याची चाचणी इथलीच. गुंगीत त्याने घेतलेली नावं टीव्हीवर गाजली. मालेगाव स्फोटाच्या तपासातही आरोपींना इथे आणलं गेलं. इंजेक्शन दिलं की सत्य बाहेर येतं, अशी लोकांची आणि पोलिसांचीही समजूत झाली होती. मग 2009 मध्ये या चाचण्या करणाऱ्या सहायक संचालकांनाच नोकरीसाठी खोटी कागदपत्रं दिल्याच्या आरोपावरून काढून टाकलं गेलं. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. पण त्याच निकालाने डीएनएला वेगळं ठेवलं. मनातलं बोलायला लावणं निराळं आणि शरीराचा अंश तपासणं निराळं. ही रेघ 1961 च्या 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या अकरा न्यायाधीशांच्या निकालापासून चालत आलेली आहे. म्हणून डीएनए कोर्टात चालतो. पण विज्ञानाचं नाव घेतलं की प्रश्न विचारायचे थांबवायचे, ही सवय त्या नार्कोच्या काळातलीच, आणि ती अजून गेलेली नाही.

याच प्रयोगशाळेने महाराष्ट्राला दिलेली मोलाची गोष्टही सांगितली पाहिजे. फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या दारात मारलं. सप्टेंबर 2017 मध्ये बेंगळुरूच्या राजराजेश्वरी नगरात गौरी लंकेश गोळ्यांना बळी पडल्या. तीन ठाणी, दोन राज्यं. रिकाम्या काडतुसांवरच्या खुणा ताडून पाहिल्या तेव्हा मडिवाळ्यातल्या तज्ज्ञांना 7.65 मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलाचा समान धागा दिसला. गौरी लंकेश यांच्या खुनाचा खटला बेंगळुरूत सुरू आहे, त्यामुळे आरोपींबद्दल इथे काही म्हणायचं नाही. मुद्दा काडतुसांचा आहे. धारवाडची काडतुसं जपून ठेवली होती, म्हणून दोन वर्षांनी बेंगळुरूची काडतुसं त्यांच्याशेजारी ठेवता आली. राज्याची सीमा ओलांडून पुरावा पुराव्याला भेटला.

तसं न घडण्याची किंमतही याच शहराने पाहिली आहे. 19 नोव्हेंबर 2013 च्या सकाळी कॉर्पोरेशन सर्कलजवळच्या एटीएममध्ये एका बँक कर्मचारी महिलेवर कोयत्याने वार झाले. ते चित्रीकरण देशभर दिसलं. हल्लेखोराचा चेहरा घरोघरी ठाऊक झाला, पण तो सापडायला 2017 साल उजाडलं. तो निघाला आंध्रातल्या तुरुंगातून पळालेला जन्मठेपेचा कैदी! एका राज्याच्या कागदात त्याची सगळी ओळख होती आणि शेजारचं राज्य तीन वर्षं त्याला शोधत होतं.

प्रगत डीएनए तपासणी म्हणतात ती नेमकी काय? नेहमीच्या चाचणीत डीएनएवरच्या वीसेक जागा पाहतात. तिथे एक छोटा मजकूर किती वेळा पुन्हा पुन्हा येतो ते मोजतात आणि दोन नमुन्यांचे आकडे जुळतात का ते बघतात. संशयित समोर असेल किंवा सूचीत असेल तरच याचा उपयोग. नव्या पद्धतीत लाखो ठिकाणचे बारीक फरक वाचले जातात. त्यावरून माणूस सापडला नाही तरी त्याचे दूरचे नातलग सापडतात, आणि मग वंशावळ मांडत मांडत त्याच्यापर्यंत पोचता येतं. एप्रिल 2018 मध्ये कॅलिफोर्नियात 72 वर्षांचा जोसेफ डिअँजेलो असाच पकडला गेला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले तेरा खून आणि पन्नासच्या आसपास बलात्कार त्याच्या नावावर होते. सगळं श्रेय वंशावळीच्या संकेतस्थळाला दिलं गेलं. पण 1980 च्या एका दुहेरी खुनाच्या वेळी वेंचुरा परगण्यातल्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सवयीने नमुन्यांचा दुसरा संच घेऊन गोठवून ठेवला होता. तो नमुना अडतीस वर्षं टिकला. त्या डॉक्टरांच्या सवयीशिवाय पुढचं सगळं विज्ञान रिकामं बसलं असतं.

अमेरिकेत मेरिलंड राज्याने 2021 मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला. न्यायाधीशाची आधी परवानगी हवी, गुन्हा खून-बलात्काराइतका गंभीर हवा, आधीचे मार्ग संपलेले हवेत, आणि पोलीस इथे शोधू शकतात असं ग्राहकांना उघड सांगणाऱ्या सूचींतच शोध घ्यायचा. राज्याच्या विधिमंडळाने केलेला हा कायदा आपल्या विधिमंडळांनी वाचण्यासारखा आहे. जसाच्या तसा उचलण्यासारखा मात्र नाही.

कारण आपली नातीच वेगळी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे, कर्नाटकात मामा-भाचीचंही होतं. जातीत, पोटजातीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिका होत आल्या. अशा समाजात चौथ्या-पाचव्या पिढीतले दूरचे भाऊबंदही डीएनएच्या हिशोबात जवळचे दिसतात. परदेशी गणित इथे लावलं तर तपास एका माणसाऐवजी अख्ख्या भावकीच्या दारात जाऊन उभा राहील. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडे सुगी झाली की हेळवी यायचे. बैलावर बसून येत, घराण्याच्या पिढ्या घडाघडा सांगत आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जात. त्यांच्या चोपड्यांत कुळं नोंदलेली असत. ती वंशावळ घराने आपणहून राखलेली होती, पोलिसांसाठी नव्हती. उद्या रक्तातून तीच वंशावळ सरकार काढणार असेल, तर त्या घराला विचारायला नको का?

शिवाय हे सगळं ज्ञान बेंगळुरूत नाही असं नाही. दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचणारा 'जीनोम इंडिया' प्रकल्प भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या मेंदू संशोधन केंद्राने पुढे नेला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याची माहिती संशोधकांना खुली झाली. ती माणसांनी औषधासाठी, आजाराच्या अभ्यासासाठी दिलेली आहे. तपासासाठी तिला हात लावायचा नाही, हे कायद्यात लिहिलं गेलं पाहिजे. कारण 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट मिळण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे.

डीएनएने फौजदारी कामात पहिल्यांदा काय केलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1986 मध्ये इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये दोन मुलींच्या खुनांच्या तपासात सतरा वर्षांच्या एका मुलाने एका खुनाची कबुली दिली होती. ॲलेक जेफ्रीज यांच्या चाचणीने तो निर्दोष असल्याचं आधी सिद्ध केलं. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क नंतर सापडला. आपल्याकडे शिक्षा भोगत असलेल्या माणसाला, माझा जुना नमुना नव्या पद्धतीने पुन्हा तपासा, असं हक्काने मागता येईल असा कायदा नाही. न उलगडलेल्या गुन्ह्यांत मी चुकीचे उलगडलेले गुन्हेही धरतो.

सर्वोच्च न्यायालयाने आपलं काम केलं आहे. 2012 च्या दिल्लीतल्या छावला बलात्कार आणि खून प्रकरणात नमुने ठाण्याच्या मालखान्यात अकरा दिवस पडून होते. अशा शंकांमुळे फाशीची शिक्षा झालेले तिघे नोव्हेंबर 2022 मध्ये सुटले. मग 15 जुलै 2025 रोजी, तमिळनाडूतल्या एका खटल्यात फाशीची शिक्षा रद्द करताना, न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. नमुना घेतल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. उशीर झाला तर कारण लिहायचं. कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. कुणाकडून कुणाकडे गेलं याचं रजिस्टर निकालापर्यंत चालू ठेवायचं. नियम उत्तम आहेत. पण रजिस्टर भरायला माणूस लागतो, गाडी लागते, थंड कपाट लागतं, आणि ते राज्याच्या तिजोरीतून येतं. पोलीस हा राज्यघटनेनेच राज्याकडे दिलेला विषय आहे. मडिवाळ्यात रखडलेल्या नमुन्यांची दखल कर्नाटक उच्च न्यायालयाला 2021 मध्ये घ्यावी लागली होती. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं नवी संहिता सांगते आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत देते. धारवाडला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचं आवारही सुरू झालं आहे. तिथली शिकलेली मुलं तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचवणं हे राज्याच्या हातात आहे.

डिसेंबरात कर्नाटकाचं अधिवेशन बेळगावात आणि महाराष्ट्राचं नागपुरात भरतं. दोन्ही सभागृहांनी एक छोटा कायदा करावा. खून आणि लैंगिक अत्याचाराच्या न उलगडलेल्या गुन्ह्यातला जैविक नमुना आरोपी सापडेपर्यंत नष्ट करायचा नाही. त्याचा अर्धा भाग पुढच्या चाचणीसाठी राखायचा. वंशावळीचा शोध न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय नाही. निर्दोष सुटलेल्याचा नमुना पुसायचा. आणि पीडितेच्या घरच्यांना व शिक्षा झालेल्यालाही पुन्हा तपासणी मागण्याचा हक्क द्यायचा.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. ज्यांच्या घरातला असा गुन्हा 'अ समरी' किंवा 'सी रिपोर्ट' होऊन बंद पडला असेल, त्यांनी ठाण्यात साधा अर्ज द्यावा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात द्यावा. त्यात एकच प्रश्न लिहावा: आमच्या माणसाचा मुद्देमाल आज कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे?